अपुऱ्या दिवसांचे मूल आणि त्याची नोंद : अचलपूर व मेळघाट यांच्या संदर्भात

अचलपूरचा इतिहास म्हटला की अभ्यासकाचे लक्ष प्रथम इमादशाहीकडे वळते. हौज कटोऱ्याचे अवशेष, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड, परतवाड्याची छावणी आणि १९०५ साली अमरावतीत विलीन झालेला एलिचपूर जिल्हा या विषयांवर थोडेबहुत लेखन झालेले आहे व पुढेही होत राहील. परंतु वऱ्हाडातील तहसिलींच्या अभिलेख-कक्षांत याहून सामान्य असे एक साधन पडून आहे. त्याला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. आज या बुकाची नक्कल काढावयास येणारा मनुष्य बहुधा जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचे नाव शोधीत असतो. वस्तुतः हे बुक जन्ममृत्यूच्या नोंदीचे आहे. त्यातील मृत्यूच्या पानांवर अल्पवयी मुलांच्या नोंदी एकाखाली एक आढळतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मुलांपैकी एका वर्गाचा, म्हणजे दिवस भरण्यापूर्वी जन्मास आलेल्या मुलांचा आहे.

हा वर्ग त्या बुकात दिसत नाही, हीच पहिली अडचण होय. बापाचे नाव, जात, गाव, मूल मुलगा की मुलगी, मृत्यूचे वय आणि कारण एवढीच माहिती गावपातळीवर नोंदली जाई. नोंद करणारा वैद्य नव्हता. त्यामुळे कारणाच्या रकान्यात ‘ताप’ हा शब्द इतक्या वेळा येतो की त्यावरून रोगाचे निदान करणे व्यर्थ ठरते. जन्मलेल्या मुलाचे वजन नाही, गर्भाचे महिने नाहीत. चार दिवसांचे होऊन गेलेले मूल सातव्या महिन्यात जन्मले होते की नवव्यात, हे कळण्यास मार्ग नाही. अकालजात मुलांच्या जगण्या-मरण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हे आरंभीच मान्य केले पाहिजे. मात्र याच अभावातून एक प्रश्न निघतो. ‘दिवस किती भरले’ ही गोष्ट कोणी, केव्हा व कशाने मोजली? प्रस्तुत लेखकाच्या मते अशा मुलाच्या जगण्याचा इतिहास पेटी, नळी, औषध यांच्या इतिहासाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या मोजणीचा इतिहास आहे.

मोजणी मुळीच नव्हती असे मात्र नव्हे. ‘सातमाशा’ व ‘आठमाशा’ हे शब्द भाषेत जुने आहेत आणि त्यांच्यासमवेत एक समजूतही चालत आली आहे : सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही. हिचे मूळ केवळ बायाबापड्यांच्या बोलण्यात शोधू नये. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते माता व गर्भ यांच्यामध्ये ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती घातक, असा विचार आढळतो. ग्रीकांच्या हिपोक्रॅटीय ग्रंथसमूहात तर आठव्या महिन्याच्या मुलावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचाही निष्कर्ष हाच आहे. दोन दूरच्या परंपरा एकाच चुकीवर कशा आल्या, हे सांगणे कठीण आहे. चूक मात्र खरीच, कारण गर्भाशयात राहिलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या जगण्याची आशा वाढवितो, कमी करीत नाही. समजूत टिकण्याचे कारण कदाचित असे असेल की जगलेला सातमाशा घरादाराच्या स्मरणात राहतो आणि मेलेला विसरला जातो. शिवाय लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेले धष्टपुष्ट मूल सातमाशाच म्हणविणे कित्येक घरांना सोयीचे झाले असेल, हेही इतिहासकाराने विसरू नये.

समजूत चुकीची असली तरी तिचा परिणाम होत असे. ज्या मुलाविषयी ते जगणार नाही असे आधीच ठरले, त्याच्यासाठी शेगडी कोण पेटवून ठेवणार? उलट सातमाशाला कापसात गुंडाळणे, बाजेखाली निखारे ठेवणे, बोळ्याने दूध पाजणे हे उपाय सुईणींना ठाऊक होते. युरोपातील प्रसूतिगृहांतही पेटी येण्यापूर्वी अशा मुलांना कापसातच गुंडाळीत. ऊब आणि दूध या दोन गोष्टींवर जगभरच्या बायकांचे एकमत होते, आणि पुढच्या शंभर वर्षांचे शास्त्र फिरून फिरून याच दोन गोष्टींपाशी आले.

दिवस अपुरे का राहतात, या प्रश्नाची पहिली सार्वजनिक चर्चा आपल्याकडे मातेच्या वयावरून झाली. आनंदीबाई जोशी यांचे पहिले व एकमेव मूल दहा दिवसांचे होऊन गेले. त्या वेळी आनंदीबाई चौदा वर्षांच्याही नव्हत्या. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियास पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात कोवळ्या आयांचा प्रश्न पुढे आला खरा, पण तो धर्मशास्त्राच्या धुराळ्यात दिसेनासा झाला. वऱ्हाडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १९२८–२९ ची आहे. त्या वर्षी सरकारने नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी हे होते, आणि ती आजही ‘जोशी समिती’ म्हणूनच ओळखली जाते. बालपणीच्या मातृत्वामुळे आई व मूल या दोघांची हानी होते, हे मत समितीने देशभरातून गोळा केलेल्या साक्षींच्या आधारे मांडले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरविले. कायद्याचा अंमल किती झाला हा निराळा विषय आहे. येथे नोंदवावयाचे ते इतकेच की मुलाच्या मृत्यूचे कारण मुलात नव्हे, आईच्या स्थितीत शोधावे, हा विचार या प्रांतात एका वऱ्हाडी वकिलाच्या नावे राजपत्रित झाला. आज या कारणांच्या यादीत रक्तक्षय, गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, हिवताप, जुळे, दोन बाळंतपणांतील थोडे अंतर व शेवटच्या दिवसापर्यंतचे अंगमेहनतीचे काम ही येतात. मेळघाटातील वा वेचणीच्या हंगामातील वऱ्हाडातील गरोदर स्त्रीला यांपैकी एकच कारण लागू पडावे, असे क्वचितच घडते.

रुग्णालय या कथेत उशिरा येते. लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ साली स्थापन झाला आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र दवाखाने निघू लागले. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’च आहे. या दवाखान्यांचा हेतू प्रथमतः बाळंतिणीचा जीव वाचविणे हा होता, लहानग्याकडे लक्ष नंतर गेले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये तार्निए याने कोंबडीची अंडी उबविण्याच्या पेटीवरून कल्पना घेऊन १८८० मध्ये मुलांसाठी उबेची पेटी करविली होती. त्याचा शिष्य ब्युदँ याने मुलांचे वजन नियमाने नोंदविण्याची पद्धत घातली आणि आईला मुलापासून तोडू नये असा आग्रह धरला. जगाने पेटी उचलली आणि आग्रह सोडून दिला. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनापासून कित्येक वर्षे ही पेटीतील मुले तिकीट लावून दाखविली जात होती. आपल्याकडे ‘मूल काचेत ठेवले आहे’ हा वाक्प्रयोग रूढ झाला, तोही त्या वेगळेपणाचीच साक्ष देतो. आई काचेबाहेर उभी राहिली.

आता मोजणीकडे वळू. १९१९ साली फिनलंडच्या युल्पो या वैद्याने अडीच किलोग्रॅमची मर्यादा सुचविली, आणि शतकाच्या मध्यास जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली : त्या वजनाचे वा त्याहून कमी वजनाचे मूल ते ‘प्रिमॅच्युअर’. वजनकाटा सर्वत्र मिळतो, गर्भाचे आठवडे सर्वांस सांगता येत नाहीत, या सोयीतून हा नियम आला. युरोपात त्याने फारसे बिघडले नाही. भारतात मात्र पूर्ण दिवसांची, पण आईच्या अपपोषणामुळे हलकी राहिलेली असंख्य मुले या एका व्याख्येने अकालजात ठरली. १९६१ मध्ये संघटनेने आपली चूक दुरुस्त करून ‘कमी वजनाचे मूल’ आणि ‘अपुऱ्या दिवसांचे मूल’ हे वर्ग निराळे केले. तोवरच्या भारतीय रुग्णालयांचे अहवाल वाचताना विद्यार्थ्याने ही तारीख डोळ्यांपुढे ठेवावी. शेकडा इतकी ‘प्रिमॅच्युअर’ मुले वाचली असे ज्या अहवालात लिहिले असेल, त्यात वाचलेल्यांपैकी किती जण मुळात पूर्ण दिवसांचे होते, हे विचारल्याशिवाय तो आकडा पुढच्या कोणत्याही आकड्याशी ताडून पाहता येणार नाही. अशी तुलना आपल्याकडील प्रबंधांत सर्रास होते, हे खेदाने नमूद करावे लागते.

दोन वर्गांतील तफावत किती मोठी आहे याचा चोख पुरावा पुढे विदर्भातूनच मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात मुलांची घरोघर नोंद ठेवली. १९९५–९६ या निरीक्षणाच्या वर्षात कमी वजनाची मुले शेकडा ४२ निघाली, तर अपुऱ्या दिवसांची सुमारे शेकडा १०. जुन्या व्याख्येने हे दोन्ही एकच झाले असते. त्या वर्षी उपचाराचे विशेष साहाय्य नसताना अपुऱ्या दिवसांच्या मुलांपैकी तिसरा हिस्सा, म्हणजे शेकडा ३३.३, दगावला. कमी वजनाच्या सर्व मुलांत हेच प्रमाण ११.३ होते.

यानंतर गावातीलच प्रशिक्षित स्त्रीने पहिल्या महिन्यात वारंवार घरी जाऊन मूल तोलावे, ताप-गारठा पाहावा, ब्लँकेटच्या शिवलेल्या पिशवीत त्याला ऊबदार ठेवावे, आईच्या दुधाला मदत करावी, जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे, अशी व्यवस्था करण्यात आली. १९९६ ते २००३ या काळात अपुऱ्या दिवसांच्या मुलांतील मृत्यू शेकडा १०.२ वर आले, कमी वजनाच्या मुलांतील ४.७ वर. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने घटला होता. या आकड्यांवर रुग्णालयीन वैद्यकाच्या काही पुरस्कर्त्यांनी शंका घेतल्या. त्या सर्वच निराधार नव्हत्या, कारण सुधारणेपूर्वीचा व नंतरचा काळ यांची तुलना करताना इतर बदलही मोजावे लागतात. तरीही फार लहान, श्वासच न घेऊ शकणारी मुले वगळली तर उरलेल्यांपैकी पुष्कळांना यंत्र नव्हे, ऊब, दूध आणि रोज येऊन पाहणारा डोळा हवा असतो, हे गडचिरोलीने दाखविले. आणि तो डोळा आधी नोंदवहीतून तयार झाला होता. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर लागू झाली.

फार लहान मुलांचे मात्र खरोखरच निराळे आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅव्हरी व मीड यांनी अशा मुलांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट या द्रव्याची उणीव असते, हे दाखविले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा पाच-सहा आठवडे आधी जन्मलेला मुलगा दोन दिवसांच्या आतच याच व्याधीने गेला. जगातील सर्वांत संपन्न रुग्णालयेही त्या वेळी निरुपाय होती. त्याआधीच्या दशकात प्राणवायू मुक्तहस्ताने दिल्यामुळे हजारो मुले आंधळी झाली होती, आणि ते १९५४ च्या एका चाचणीने निर्विवाद ठरले. पुढे १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाऊई यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास मुलाचे फुप्फुस लवकर परिपक्व होते, हे सिद्ध केले. स्वस्त, साधे आणि सुईने देता येणारे असे हे औषध. त्याचा प्रसार खेड्यापाड्यांत व्हावा, असे सर्वांनाच वाटणे स्वाभाविक होते.

याच उपायाची कथा विदर्भाच्या अभ्यासकाने नीट वाचावी. सहा देशांतील ज्या विस्तृत चाचणीत हे औषध ग्रामपातळीवर नेण्यात आले, तिच्या भारतातील दोन क्षेत्रांपैकी एक नागपूर व दुसरे बेळगाव होते. प्रसूतीची तारीख नेमकी ठाऊक नसेल तेथे गर्भाशयाची उंची रंगीत फितीने मोजून आठवड्यांचा अंदाज करीत. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. अतिशय कमी वजनाच्या मुलांत अठ्ठावीस दिवसांपर्यंतचे मृत्यू हजारी २३२ ऐवजी २२५ झाले, म्हणजे घट जवळजवळ नाहीच. सर्व मुलांचा एकत्र विचार करता मृत्यू हजारी २३.९ वरून २७.४ पर्यंत वाढले. औषध घेतलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या होत्या. ज्यांना गरज नव्हती त्यांना ते मिळाले, आणि ज्यांना गरज होती त्यांच्या मुलांपाशी जन्मानंतर पुरेशी निगा नव्हती. पाच वर्षांनी, २०२० साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत आठवडे सोनोग्राफीने निश्चित करून, नवजात मुलांची सोय असलेल्या रुग्णालयांतच हे इंजेक्शन दिले गेले. भारतही त्या चाचणीत होता. तेथे नवजात मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. औषध तेच, पहिल्या वेळी आठवडे अंदाजाने धरले होते आणि दुसऱ्या वेळी मोजले होते. त्याखेरीज रुग्णालयाच्या सोयींचा फरकही होताच; दोहोंचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही. परंतु कोतवाल बुकातील कोरा राहिलेला रकाना किती महाग पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

काचेबाहेर उभी असलेली आई आत कशी आली, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. रे यांनी मूल उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधण्याचा मार्ग धरला. हीच आजची कांगारू पद्धत. मुंबईत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये शीव रुग्णालयात आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली. दीर्घकाळ या पद्धतीकडे गरिबांची पेटी म्हणूनच पाहिले गेले. मूल स्थिर झाल्यावर मग आईकडे द्यावे, असा नियम होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील चाचणीत १ ते १.८ किलोग्रॅम वजनाच्या मुलांना जन्मल्याबरोबर आईच्या अंगाशी ठेवले गेले. मृत्यू शेकडा १५.७ ऐवजी १२ झाले, आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. अर्थात त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच टाकावी लागते. ब्युदँचा आग्रह असा सव्वाशे वर्षांनी मान्य झाला.

मेळघाटाविषयी लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. चिखलदरा व धारणी या तालुक्यांतील बालमृत्यू १९९० च्या दशकापासून वृत्तपत्रांत आणि मुंबई उच्च न्यायालयापुढे सतत येत राहिले, आणि त्यांना एकच नाव पडले : कुपोषण. हे नाव खोटे नव्हे, पण ते अपुरे आहे. त्याने लक्ष दोन-तीन वर्षांच्या हडकुळ्या मुलाकडे, म्हणजे छायाचित्रात दिसणाऱ्या मुलाकडे गेले. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी झोपडीत गेलेले दीड किलोचे मूल छायाचित्रात येत नाही. आहार-वाटपाच्या योजना त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. त्याच्या आईपर्यंत मात्र त्या पोहोचू शकल्या असत्या, तेही गर्भारपणात. ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा फार मोठा भाग शासकीय नोंदीत येतच नाही, हे उघड केले. न नोंदलेल्यांत नवजात मुले असणे सर्वांत सोपे, कारण जिवंत जन्मून लगेच गेलेले मूल ‘मृत जन्मले’ म्हणून किंवा मुळीच न लिहून विषय संपविता येतो. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे यांनी आणि धारणीस डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने केलेल्या कामाचे महत्त्व उपचारांइतकेच या दृष्टीनेही आहे : डोंगरातील मृत्यू कोणीतरी जागेवर राहून पाहिला.

२०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी जिल्हा पातळीवरील विशेष नवजात शिशु कक्षांची रचना ठरवून दिली. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेले मूल येथे दाखल करावयाचे. एकाच नियमात वजन आणि आठवडे हे दोन्ही असणे, हा १९६१ च्या दुरुस्तीचा उशिरा मिळालेला लाभ होय. त्याच वर्षीच्या १ जूनपासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार व वाहन निःशुल्क झाले. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचा २०. ही प्रगती कोणी नाकारू नये. परंतु निगा एका खोलीत एकवटली की धोकाही तेथेच एकवटतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात आग लागून दहा अर्भके गेली. ज्या खोलीत त्यांना जगविण्यासाठी आणले होते, तीच ती खोली. रुग्णालयीन निगेच्या इतिहासात ही तारीख यशाच्या आकड्यांशेजारीच लिहिली पाहिजे.

या कक्षांच्या नोंदवहीत आणखी एक भेद केलेला असतो : मूल त्याच रुग्णालयात जन्मलेले की बाहेरून आणलेले. विद्यार्थ्यांनी हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत. बाहेरून आलेल्या मुलांची दशा बहुधा अधिक वाईट असते, आणि त्यात कक्षातील परिचारिकांचा दोष नसतो. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, घटांग करीत परतवाड्यास उतरणारा रस्ता घाटाचा आहे. हिवाळ्याच्या रात्री त्या वाटेने आलेले दीड किलोचे मूल, आईच्या छातीशी नसेल तर, अचलपुरास पोहोचेपर्यंत थंडगार पडलेले असते. तेथून अमरावतीचे ‘डफरीन’ आणखी सुमारे पन्नास किलोमीटर दूर. अशा मुलाच्या मृत्यूची वेळ कक्षातील असते, कारण घाटातले असते.

आणि मूल वाटेतच गेले तर? १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखालील नियमांप्रमाणे धावत्या वाहनात झालेल्या मृत्यूची वर्दी वाहनाचा ताबा असलेल्या व्यक्तीने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी द्यावयाची असते. मेळघाटातून खाली येणाऱ्या वाहनाचा थांबा पुष्कळदा परतवाडा-अचलपूर हाच असणार. म्हणून अचलपूरच्या नोंदवहीतील नवजात मृत्यू मोजू पाहणाऱ्याने प्रत्येक नोंदीसमोर आईचे राहते गाव कोणते लिहिले आहे, ते आधी पाहावे.